वाढ

माझ्या भाषेत तिन्हींना एकच शब्द:
देशाची वाढ, पोराची वाढ,
आणि भुकेल्याने म्हणायचं, वाढ.
मोआतिझेत तो कुणालाच कळत नाही,
म्हणून मी तो गालात धरून ठेवते
सुपारीच्या खांडासारखा.

आज मोजमापाचा दिवस.
आंब्याखाली उंचीची फळी,
फांदीला काटा, काट्याला निळी झोळी,
एर्मेलिंदाबाईंच्या खिशात दंडाची पट्टी,
लाल, पिवळी, हिरवी.
आठ वाजताच पत्रे तापलेत.
रांगेतल्या प्रत्येकाच्या कानाच्या पाळीवर
कोळशाची भुकटी, काजळाची तीट लावावी तशी.

गाडी येते तेव्हा सगळंच थांबतं.
नऊ वर्षांची झुल्मिरा डबे मोजते.
आकडे तिला शाळेने नाही, रुळांनी शिकवले.
पूर्वी साठ असायचे, म्हणते.
आज शेवटचा डबा गेल्यावर तिने सांगितलं,
"सेंतु इ व्हिंत." एकशे वीस.
असं, की जणू समुद्रापर्यंत
तिलाच ते ढकलत न्यायचेत.

तिचा भाऊ देर्सिओ, साडेचार वर्षांचा.
फळीला पाठ टेकून उभा राहिला
आणि हळूच टाचा उचलल्या त्याने.
आपलं काय मोजतायत हे ठाऊक नाही,
एवढंच कळलंय, मोठ्यांना मोठं आवडतं.
मी घोट्यांवर हात ठेवला.
टाचा खाली आल्या.
नव्वद. गेल्या मार्चातही जवळजवळ तेवढेच.

"फळी आटली असेल," फेलिझार्दा म्हणाली,
"उन्हाने लाकूड आटतं."
ती नदीकाठी विटा पाडायची.
काय वाळून किती आटतं, तिला विचारावं.
भट्टीची जागा आता कुंपणाच्या आत गेली,
बदल्यात दोन खोल्या मिळाल्या आणि अंगणात नळ.
नळाला तोटी चांगली आहे.

मग दंड. पट्टी पिवळ्यावर थांबली.
लाल आला तर शेंगदाण्याच्या लगद्याची चौदा पाकिटं.
हिरव्याला शाबासकी.
पिवळ्याला सल्ला: अंडी द्या, कडधान्य द्या,
पुढच्या महिन्यात या.

फेलिझार्दाने माझ्याकडे पाहिलं नाही.
पट्टीशीच बोलावं तशी म्हणाली,
"जरा आवळून लाव ना."

माझी आई शिंप्याला सांगायची,
सैल शिवा हो, वाढतं अंग आहे.
दर वर्षी तेच वाक्य,
आणि दर वर्षी बाह्या आखूड व्हायच्या.

मी आवळली.
कातडीला बारीक चुणी पडली, देर्सिओ हसला,
त्याला गुदगुल्या झाल्या.
एर्मेलिंदाबाईंनी पाहिलं.
चष्मा काढला, पदराने नाही, टोपीने पुसला,
पुसतच राहिल्या मी वहीत लिहीपर्यंत.

पाकीट झुल्मिराने दातांनी फाडलं.
खालून वर पिळत आणलं, घडी घालत,
सगळं त्याच्या तोंडात.
फाडलेला कोपरा तेवढा तिने चाटला
आणि दोघांनी मिळून ते रिकामं पाकीट
उजेडात धरून तपासलं.
"माइश," तो म्हणाला. आणखी.
माझ्या गालातला शब्द
अजून विरघळायचाच होता.

संध्याकाळी बेरजेला बसले.
लाल एकोणचाळीस.
त्यातला एक खोटा. की
पुढच्या महिन्याचा खरा, उसना आणलेला?
दुकानातल्या रेडिओवर राजधानीचा आवाज
टक्के सांगत होता, एवढे, आणि पुढच्या वर्षी एवढे.
उद्या तिथल्या कुणीतरी विचारावं मला
वाढीच्या वर्षात हे लाल कसे वाढले.
विचारावंच.

रात्री गाडी परत आली, रिकामी.
भरल्या डब्यांपेक्षा रिकामे फार वाजतात.
ते झुल्मिरा मोजत नाही.
कूस बदलून, भावाच्या दंडावर हात टाकून
ती झोपून राहते.